खांबांच्या मापांवर रडलेलं गाव

निलगिरीच्या तेलानं बरं होणार नाही असं दुखणं देवानं अजून घडवलेलं नाही. घडवलं असलंच, तर ते आमच्या ट्रेगीअर माळावर यायला धजावलेलं नाही!

हसू नका. मी टॅमसिन ट्रेम्बाथ. माझा नवरा डिगरी सोन्याची खाण सोडून तेलाच्या भट्टीवर आला, तेव्हापासून आमच्या घराला, कुत्र्याला, पावाला आणि नवऱ्याला एकच वास आहे. साखरेवर दोन थेंब घेतले की खोकला पळतो. छातीला चोळलं की कफ सुटतो. गुडघ्याला लावलं की माझी सासू काठी विसरून चॅपेलची पायरी चढते. घोड्याचा खूर, गंजलेलं कुलूप, ढेकूण, दाढदुखी, सगळ्यावर तेच! डिगरीच्या टकलावर तेवढे केस आले नाहीत. पण तो नीट चोळत नाही, त्याला तेल काय करणार?

आणि ती भट्टी पाहिलीत तर तुम्हीही गप्प व्हाल. गाडीभर पाला टाकीत घालायचा, पायांनी तुडवायचा, वर झाकण ठेवून कडा ओल्या मातीनं लिंपायच्या. खाली जाळ. टाकी गरोदर गाईसारखी कण्हत बसते. मग गार पाण्यातल्या नळीतून थेंब थेंब पाणी येतं, आणि त्या पाण्यावर सोनेरी साय धरते. एवढ्या डोंगरातून ओंजळभर! ती साय दिसली की डिगरी आजही टोपी काढतो. मीसुद्धा बोलायची थांबते. आमच्या घरात हे दोन्ही चमत्कारच.

तर त्या जुलैत, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या मुलखातल्या ऐन हिवाळ्यात, अख्ख्या माळाला सर्दी झाली होती, आणि नेमका त्याच वेळी सायलस पेनबर्थीची परीक्षा आली.

सायलस हा आमच्या चॅपेलचा उमेदवारीवरचा उपदेशक. आधी खाणीत लाकडाचे खांब उभे करायचा. हाडाचा सरळ, कामाला वाघ. माझी लेक लव्हडे त्याच्यावर भाळली होती आणि तो तिच्यावर. पण उमेदवारी पुरी झाल्याशिवाय उपदेशकाला लग्न करता येत नाही, असा आमच्यात नियम. शहरातून मोठे पाद्रीबाबा होस्किंग येणार, त्याचं प्रवचन ऐकणार आणि ठरवणार. पास झाला तर इथंच राहील. नापास झाला तर पुन्हा खाणीत, तीही पार दुसऱ्या टोकाची. लव्हडे बसेल रडत.

होस्किंगबाबांची कसोटी एकच. प्रवचन ऐकून किती माणसं रडली, आणि रडत रडत पुढच्या पश्चात्तापाच्या बाकावर येऊन किती जणांनी आपलं पाप बोलून दाखवलं. आमच्या लोकांत हे असंच चालतं. डोळे कोरडे, तर प्रवचन वाया!

आणि सायलस बोलायला लागला की कोंबड्या दिवसा झोपायच्या.

"विषय काय घेतलायस रे?" मी विचारलं.

"शलमोन राजाच्या मंदिराचे खांब, मावशी," तो उजळून म्हणाला. "उंची, घेर, पितळेची जाडी. सगळी मापं दिलीत पवित्र पुस्तकात!"

लव्हडेनं कपाळाला हात लावला. "अरे, जरा नरकाबिरकाचं बोल ना!"

"नरकाची मापं दिलेली नाहीत," सायलस म्हणाला.

आता बोला!

रडवणं माझ्या हातात नव्हतं. पण मागच्या दोन्ही उमेदवारांना लोकांच्या खोकल्यानं बुडवलं होतं, ते तरी थांबवता येईल, असं मी ठरवलं. चॅपेलच्या मधोमध लोखंडी शेगडी आहे. तिच्यावर पाण्याचा डबा ठेवायचा, त्यात एक चमचा तेल. वाफ पसरेल, छात्या मोकळ्या होतील, निदान खांब तरी ऐकू जातील. बेत इतका साधा होता की मला माझंच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी मी सर्वांच्या आधी जाऊन डबा ठेवला, चमचाभर तेल घातलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. थंडी मरणाची. खिडक्या घट्ट बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. माणसं येत होती, शेगडीपाशी हात शेकत होती आणि आपापल्या जागी जात होती. प्रत्येकजण शेगडीपाशी जरा जास्तच रेंगाळतोय, हे माझ्या लक्षात आलं. थंडीच तशी होती, मी म्हटलं.

कप्तान नॅनकिव्हेल आले. खाणीचे कप्तान, म्हणजे तिथले मुख्य मुकादम, माणूस ग्रॅनाइटचा. बायकोला पुरलं त्या दिवशीही त्यांनी खड्ड्याच्या कडा सरळ नाहीत म्हणून खणणाऱ्याला झापलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ झॅकी दुसऱ्या टोकाला बसला. कुठल्याशा भोपळ्यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. प्रार्थनासुद्धा ते वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून करायचे.

होस्किंगबाबा काळ्या कोटात, पडक्या मनोऱ्यासारखे, बाजूच्या खुर्चीत बसले. सायलस उभा राहिला. मी त्याला सकाळीच साखरेवर तेल दिलं होतं, छातीला तेल चोळून वर लाल फ्लॅनेलची पट्टी बांधली होती. तो खाकरला, आणि सुरू झाला.

"खांबाची उंची अठरा हात होती."

मागं कुणीतरी हुंदका दिला.

मी वळून पाहिलं. रोझवॉर्नबाई! आमच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आणि त्याचा घेर," सायलस म्हणाला, "बारा हात होता."

डावीकडची सगळी रांग मुसमुसायला लागली! माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लेकीच्या काळजीनं. डिगरीकडे पाहिलं, तर त्याच्या दाढीतून थेंब गळत होते, भट्टीच्या नळीसारखे. लोकांनी हातरुमाल काढले आणि डोळे पुसले. पण सर्दीचे दिवस! माळावरचा एकही रुमाल असा नव्हता, जो सकाळी तेलात भिजवलेला नव्हता. पुसावं तसं पाणी वाढे, पाणी वाढे तसं पुसावं लागे. पितळेची जाडी चार बोटं होती हे ऐकलं तेव्हा अख्खं चॅपेल ओक्साबोक्शी रडत होतं.

सायलस चकित झाला. त्याचा आवाज कापायला लागला. "आणि खांबांवर," तो म्हणाला, "डाळिंबं कोरली होती. दोन ओळींत."

"डाळिंबं!" रोझवॉर्नबाई किंचाळल्या आणि धडपडत पश्चात्तापाच्या बाकावर जाऊन कोसळल्या. "देवा, मला क्षमा कर! माझ्या नाताळच्या केकात ब्रँडी असते! दरवर्षी असते! आणि मी तिला व्हॅनिला म्हणते!"

"तरीच!" मागून कुणीतरी म्हणालं.

मग जी रांग लागली! कुणी वजनात माती मिसळली होती, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्याला लाथ घातली होती, आमच्या डिगरीनं टकलावर तेल चोळायचं केव्हाच सोडलं होतं. आणि मग, माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, कप्तान नॅनकिव्हेल उठले. ग्रॅनाइटवरून पाणी वाहत होतं. ते बाकापाशी गुडघ्यावर बसले.

"झॅकी," ते म्हणाले. "तो भोपळा. प्रदर्शनात पहिला आलेला. वेल कुंपणाखालून माझ्याकडे आली होती. भोपळा माझ्या बाजूला धरला, पण मूळ तुझ्या बाजूला होतं. मला माहीत होतं रे."

झॅकी आंधळ्यासारखा चाचपडत आला. "मलाही माहीत होतं, दादा. मी रात्री त्याच्यावर माझं नाव कोरणार होतो. पण तो इतका सुंदर दिसत होता, की हात धजेना."

दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. कुणीतरी स्तोत्र सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं, चार सुरांत, आमचे लोक गातात तसं. वाफेतून खिडकीचा उजेड तिरपा येत होता, सोनेरी, भट्टीतल्या सायीसारखा. मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं आहे. असं कधी पाहिलं नाही.

लव्हडेनं माझा हात घट्ट धरला. "आई, पास झाला!"

आणि त्याच क्षणी सायलसनं नाक वर करून हुंगलं.

तो शेगडीकडे गेला. डब्यात डोकावला आणि झटक्यात मागं सरला, जसा बैलानं लाथ मारलेला माणूस सरतो. स्तोत्र थांबलं. लव्हडे कुजबुजली, "गप्प बस, गप्प बस रे बाबा." पण तो खांब उभे करणारा माणूस. तिरकं त्याला बघवतच नाही.

"भावांनो, बहिणींनो," तो म्हणाला, "हे माझ्या बोलण्यानं झालेलं नाही. या डब्यात तेल आहे. तुमचे डोळे झोंबतायत, एवढंच. बाबा, मला माफ करा. हे रडू माझं नाही."

सगळ्यांच्या माना डब्याकडे वळल्या.

मी उभी राहिले. करते काय! "मी घातलं. पण एकच चमचा! शपथ!"

"मीसुद्धा एकच," डिगरी म्हणाला. "पोराला मदत म्हणून."

"मी अर्धी बाटली," लव्हडे पुटपुटली.

"मी थोडंसं," रोझवॉर्नबाई.

"मी," झॅकी म्हणाला. "मी," कप्तान म्हणाले. "मी, मी," असं सगळ्या चॅपेलभर झालं. ज्याच्या खिशात बाटली होती, त्यानं शेगडीपाशी हात शेकता शेकता सायलससाठी डब्यात तेल ओतलं होतं, आणि बाटली कुणाच्या खिशात नव्हती? डब्यात पाण्यापेक्षा तेलच जास्त! चॅपेल पेटलं नाही, हाच खरा त्या दिवशीचा चमत्कार.

कप्तान ताठ झाले. "म्हणजे हे रडू खोटं? मग भोपळ्याचं बोललो ते मी परत घेतो!"

"घे ना," झॅकी म्हणाला. "आधी माझा गळा तर सोड."

कप्तानांनी पाहिलं, तर हात अजून भावाच्या गळ्यातच होते. त्यांनी ते काढले नाहीत.

"केकाचं तरी विसरा," रोझवॉर्नबाई म्हणाल्या. ते मात्र कुणी विसरलं नाही. पुढच्या नाताळात त्यांच्या दारात रांग लागली.

सगळ्यांचे डोळे आता होस्किंगबाबांकडे. ते हळूहळू उठले. लव्हडेची नखं माझ्या हातात रुतली.

"खिडक्या उघडा," बाबा म्हणाले. गार वारा आत आला. "पेनबर्थी, रडवणारे उपदेशक माझ्याकडे पुष्कळ आहेत. मिळालेलं रडू परत करणारा मी आज पहिल्यांदा पाहिला. तू इथंच राहा. आणि त्या मुलीला हात सोडायला सांग, तिच्या आईचं रक्त निघेल."

लव्हडे खरीखुरी रडली. या वेळी तेलाशिवाय.

मग बाबांनी सायलसला उरलेलं प्रवचन पुरं करायला लावलं. आणि ऐका, एकही माणूस खोकला नाही! अख्ख्या माळाची सर्दी साफ! खांबांची सगळी मापं पहिल्यांदाच सगळ्यांना नीट ऐकू गेली, आणि त्यावर सगळे गाढ झोपले.

चहा, केशर घातलेले गोड पाव झाले. बाबांची गाडी जोडली. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. मनात म्हटलं, केवढा हा माणूस! सत्यापुढं ज्याला आसवांची किंमत नाही!

बाबांनी मागं पाहिलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाई," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी शहरात माझं प्रवचन आहे. मोठं चॅपेल, उंच छत. साधारण किती चमचे लागतील?"