आई विषयाला सोडून आहे

बेल्ह्याजवळच्या एका हायस्कुलात सहामाहीच्या मराठीच्या पेपरात ‘माझी आई’ हा निबंध आला आणि आठवीतल्या झाडून साऱ्या मुलांच्या आया पहाटे उठून जात्यावर ओव्या म्हणू लागल्या. गावात पिठाच्या दोन गिरण्या होत्या. पण ज्ञानेश्वर सरांनी फळ्यावर लिहून दिलेली आई जात्यावर बसत होती आणि तिच्यात बदल करायचा अधिकार कुणालाच नव्हता.

अपवाद एकच. इंद्रायणीने लिहिलं : ‘माझी आई शेळ्यांचा व्यापार करते. बेल्ह्याच्या बाजारात ती पदराखाली गिऱ्हाइकाचा हात घेते आणि बोटं दाबून भाव ठरवते. आजूबाजूला कुणाला कळत नाही. घरी आल्यावर ती माझ्यावर ओरडते आणि मग जिलेबीचा पुडा काढते.’

पेपर परत आला तेव्हा दहापैकी दोन गुण होते आणि लाल शाईत शेरा होता : ‘भाषा उत्तम. आई विषयाला सोडून आहे.’

इंद्रायणीला लेखिका व्हायचं होतं. निबंध चुकला की आई, हे तिला कळेना. तिला फार वाईट वाटलं.

पुढे तालुक्याची निबंधस्पर्धा आली, विषय तोच. शाळेत भाषा तेवढी इंद्रायणीकडे होती, म्हणून सरांनी सुवर्णमध्य काढला : भाषा तिची, आई शाळेची. तिने निमूटपणे जात्यावरची आई लिहिली आणि पहिला नंबर आला. परीक्षकांचे डोळे पाणावले. त्या भरात ठराव झाला, की अशा मातेचा तिच्या घरी जाऊन सत्कार करावा. तत्पूर्वी शिक्षण खात्याच्या साहेबांनी प्रत्यक्ष पडताळणी करावी.

सरांची पाचावर धारण बसली. ते तडक इंद्रायणीच्या आईकडे, लंकाबाईंच्या गोठ्यावर गेले.

“लंकाबाई, साहेब येऊन जाईपर्यंत जरा निबंधाप्रमाणे राहा.”

“म्हंजी कसं वो, गुर्जी?”

“पहाटे उठायचं.”

“उठती की! बाजाराचा टेम्पो काय दुपारी येतो व्हय?”

“तसं नाही. मायेनं उठायचं. आणि जात्यावर ओव्या म्हणायच्या.”

“जातं कुठलं आता? आमी गिरणीतनं आणतो. आन् पोरीनं काय लिवलंय, आय नीट न्हाई म्हून?”

“तिनं लई चांगलं लिहिलंय. तुम्ही तेवढ्या तशा नाही.”

लंकाबाईंनी लेकीकडे पाहिलं. इंद्रायणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जातं शेजारच्या गेणभाऊंच्या न्हाणीत सापडलं. त्यावर बसून ते अंघोळ करत. त्या दिवशीची त्यांची अंघोळ रद्द करण्यात आली. निबंधात गाय होती, म्हणून शेळ्या चुलत्याच्या मळ्यात हलवून गाय उसनी आणली. साहेबांनी एकेक मुद्दा ताडून पाहिला. कुंकू, आहे. गाय, आहे. ओवी? लंकाबाईंनी घसा साफ करून जे म्हटलं ते टेम्पोतल्या कॅसेटमधलं होतं, पण चाल प्रेमळ होती. अहवाल गेला : ‘आई निबंधाबरहुकूम आढळली.’ सत्कारात नारळ आणि साडी मिळाली. साडीचा पदर आखूड निघाला. त्याखाली दोन हात मावेनात.

इंद्रायणी पुढे खरोखरच लेखिका झाली. दोन गुणांचा तो निबंध तिने पहिल्याच पुस्तकात छापला. ‘किती खरी आई!’ म्हणून वाहवा झाली, निबंध गाइडात गेला आणि २००८ साली त्याच हायस्कुलाने तिला परीक्षक म्हणून बोलावलं. विषय : ‘माझी आई’.

गठ्ठ्यातल्या झाडून साऱ्या आया बेल्ह्याच्या बाजारात पदराखाली बोटं दाबत होत्या. अंगणवाडीच्या बाईंच्या मुलाचीसुद्धा. वाचता वाचता इंद्रायणीला स्वतःची आई आठवली आणि तिने सढळ हाताने गुण वाटले.

तळाशी श्रेया नावाच्या मुलीचा कागद होता : ‘माझी आई नारायणगावात मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. ती उशिरा उठते. चहा पप्पा करतात. आमचं भांडण झालं की ती दुकानातून मला मिस्ड कॉल देते.’

इंद्रायणीने तो पुन्हा वाचला. भाषा उत्तम होती. पण आई काही दिसेना. तिने लाल पेन उघडलं.

तुम्ही हसलात ना? मग सांगा, तुम्हीही हा निबंध लिहिला असेलच. त्यातली बाई पहाटे उठायची? गुण चांगले पडले होते? आणि तुमची आई तेव्हा काय करत होती?