निवेदिताबाईंचा राजीनामा

हिंगाची डबी सापडेना म्हणून श्रीपाद सोनटक्के स्वयंपाकघरात उभे राहून बायकोच्या नावाने बोटं मोडत होते. वरण उकळत होतं, फोडणीचं तेल धूर सोडू लागलं होतं आणि समोर फळीवर बरण्यांची रांग लागली होती. प्रत्येक बरणीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडे. ज्या घरची बाई विद्यापीठाची ग्रंथपाल असते त्या घरात मोहरीलाही वर्गीकरण क्रमांक असतो. मिठाच्या बरणीवर तर ‘साखरेसाठी वरची फळी पाहा’ असंही लिहिलेलं होतं. हिंगासाठी काय पाहायचं, ते मात्र कुठेच नव्हतं.

श्रीपादरावांची सगळी नोकरी रेल्वेत, नागपूरला झाली. शनिवारी रायपूरला यायचं आणि रविवारी रात्रीची गाडी धरायची, असा त्यांनी पाहुण्यासारखा संसार केला. निवृत्त होऊन ते ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी कायमचे राहायला आले, तेव्हा कुठे त्यांना आपल्या बायकोची खरी ओळख झाली. बँकेत गेले की कॅशियर उठून उभा राहायचा, “मैडम के मिस्टर हैं ना आप?” दवाखान्यात गेले की नर्स सुई टोचण्याआधी मॅडमची खुशाली विचारायची. जो तो कधी ना कधी निवेदिताच्या वाचन कक्षात बसून परीक्षा पास झालेला. श्रीपादरावांना आधी याचा थोडा राग यायचा. मग त्याची सवय झाली, आणि अलीकडे तर कोणी ओळखलं नाही तर ते स्वतःच खाकरून सांगू लागले होते.

पण निवेदिताचा खरा जीव गुढियारीच्या वस्तीत होता. विद्यापीठातून बाद झालेली पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत म्हणून तिने मालधक्क्याजवळच्या एका रिकाम्या गोदामात वाचनालय थाटलं होतं. हमालांची, ठेलेवाल्यांची पोरं संध्याकाळी तिथे येऊन अभ्यास करत. कोणी नर्सिंगला लागली, कोणी पटवारी झाला. आणि आता कोणीतरी तक्रार ठोकली होती की पुस्तकं बाद झाली तरी ती विद्यापीठाचीच, ती बाहेर गेलीच कशी? आज त्याचा निकाल होता. विरुद्ध गेला तर वाचनालयाला कुलूप. “कुलूप लावा म्हणाले, तर मी ऐकून घेणार नाही,” असं सांगून निवेदिता सकाळी बाहेर पडली होती, आणि तेव्हापासून श्रीपादरावांचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

इतक्यात फोन वाजला. निवेदिताच्या ग्रंथालयातला शिपाई नत्थू होता.

“साहब, राजीनामा हो गया! कुलपति जी के सामने! मैडम खुद अपने हाथ से लिखके दीं!”

“काय? कब? काहून?” श्रीपादरावांची हिंदी तिथेच संपली.

“अभी-अभी, साहब! सब ताली बजाए!” आणि फोन बंद झाला.

श्रीपादरावांनी गॅस बंद केला आणि ते तिथेच पाटावर बसले. राजीनामा! एका गोदामासाठी तिने नोकरी सोडली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांनी निवेदिताला फोन लावला. तिचा फोन नुसताच वाजत राहिला, कारण ग्रंथपालाने फोन मुका ठेवायचा हा नियम तिने आधी स्वतःला लावला आणि मग जगाला.

मग त्यांनी समता कॉलनीतल्या बाबारावांना फोन केला. बाबाराव वर्ध्याहून मुलाकडे राहायला आलेले, आणि जिथे जातील तिथे मंडळाचे सचिव होणारे गृहस्थ. दहा मिनिटांत ते दारात हजर झाले.

“कोणासमोर देल्ला म्हणता राजीनामा?”

“कुलपतींसमोर.”

बाबारावांनी टोपी काढली. “श्रीपादराव, कुलपती म्हंजे कोण, मालूम हाय ना तुमाले? राज्यपाल! आपल्याकडं विद्यापीठ चालवते तो कुलगुरू, अन् कुलपती म्हंजे थेट राज्यपाल! वहिनी राजभवनात गेल्या अन् राजीनामा फेकून आल्या!”

हे ऐकून श्रीपादरावांची छाती एकदम फुगली आणि लगेच बसली. राजभवनात! आणि सकाळी निघताना ती साधी सुती साडी नेसून गेली होती.

बाबारावांनी तोवर मराठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकलासुद्धा: ‘गुढियारीच्या वाचनालयासाठी निवेदिताताईंचा राज्यपालांकडे राजीनामा. सर्वांनी त्यांच्या घरी जमावे.’ ब्राह्मणपाऱ्यात मराठी घरं काही फार नाहीत, पण जेवढी आहेत तेवढी तासाभरात बैठकीत दाटीवाटीने बसली. कोणी शाल आणली, कोणी नारळ. बाबाराव निषेधाचा ठराव लिहायला बसले. शेजारच्या शर्मिष्ठाकाकू, प्रसंग नक्की कोणता हे न कळल्यामुळे, पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आल्या.

“काकू, पिठलं-भात काहून? कोणी गेलं नाही ना आपल्याकडलं!” एक शेजारीण म्हणाली.

“नोकरी गेली ना बाई! म्हटलं, घरात चूल पेटली नसंल, म्हणून आणला.”

चूल खरंच विझलेली होती, त्यामुळे पातेलं बैठकीत मधोमध ठेवलं गेलं. मग एकेक जण निवेदिताच्या आठवणी सांगू लागला. एका दृष्टिहीन मुलाला तिने एम.ए.ची पुस्तकं स्वतःच्या आवाजात भरून दिली होती. टाळेबंदीत ती स्कूटीला पिशव्या लावून पोरांच्या दारात पुस्तकं ठेवत फिरली होती. यातलं निम्मंअधिक श्रीपादराव पहिल्यांदाच ऐकत होते. त्या वेळी आपण नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पत्ते खेळत होतो, हे आठवून त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गल्लीत एक टेम्पो थांबला. त्यातून गुढियारीची पंधरा-वीस माणसं उतरली. सगळ्यांच्या पुढे कलावती होती. ही मालधक्क्यावर चहा विकणारी बाई. तिच्या हातात बुंदीच्या लाडवांचा खोका होता आणि चेहरा दिवाळी असल्यासारखा.

“भैया! राजीनामा होगे! लेवव, लाड़ू खावव!”

श्रीपादराव उठून उभे राहिले. त्यांची कानशिलं तापली.

“लाडू? राजीनामा हुआ, और तुम लोग लाडू बाँट रहे?”

“हव भैया! खुसी के बात हे ना!”

“खुशी की बात?” श्रीपादरावांचा आवाज फाटला. “अरे, तुमच्यासाठी त्या बाईने... तुम्हारे बच्चों के लिए उसने सब छोड़ दिया! पूरी जिंदगी की नौकरी! और तुमको खुशी?”

कलावती गोंधळून मागच्यांकडे पाहू लागली. पण श्रीपादरावांना आता थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. आयुष्यभर रेल्वेच्या फायलीत मान घालून बसलेला माणूस एकदाचा बोलू लागला होता.

“ठीक है! वो नहीं तो मैं! वाचनालय बंद नहीं होगा! कल से रोज शाम को मैं बैठूँगा वहाँ! ये श्रीपाद सोनटक्के की जबान है!”

मंडळाच्या लोकांना गहिवरून आलं. बाबारावांनी ठरावाचा कागद बाजूला ठेवून टाळी वाजवली. कलावतीने मात्र सहजपणे मान हलवली.

“हव भैया, मालूम हे. नत्थू बताय रिहिस के तुहीं बइठहू.”

“मी बसणार हे नत्थूला कसं माहीत? मी तर आत्ता बोललो!”

याचं उत्तर कोणी देण्याआधी निवेदिता दारात उभी होती. अंगणभर चपला, घरात शाल, नारळ आणि पिठलं. ती एका नजरेत सगळं वाचायला पाहत होती, पण तिलाही अर्थ लागेना.

“काय झालं? कोण गेलं?”

“तू!” श्रीपादराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “राजीनामा द्यायच्या आधी मले एकदा विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं ना! पण राज्यपालांपर्यंत जायची काय गरज होती?”

निवेदिता खाली बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिच्या ग्रंथालयात कोणी असं हसलं असतं तर तिने त्याला बाहेर काढलं असतं.

“अहो, इथे कचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड! दोन्ही बाजू राजी झाल्या, तो राजीनामा. नोकरी सोडली तर म्हणतात इस्तीफा. आणि इथले कुलपती म्हणजे आपले कुलगुरू. राज्यपाल कोणी आणले मध्ये?”

सगळ्यांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव पिठलं वाढून घेत होते.

“म्हणजे नोकरी आहे?”

“आहे.”

“अन् वाचनालय?”

“तेही आहे. पुस्तकं विद्यापीठाने रीतसर देऊन टाकली. कुलगुरू स्वतः म्हणाले, असं काम बंद पाडायचं पाप माझ्या माथी नको.” निवेदिताने जरा आवाज खाली आणला. “फक्त एक अट घातली. मी नोकरीत असताना तिथली प्रमुख राहायचं नाही. रोज संध्याकाळी दुसरा कोणी जबाबदार माणूस बसला पाहिजे.”

“मग?”

“मग काय. मी तुमचं नाव लिहून दिलं.”

“मले न विचारता?”

“विचारायचं कसं, याचाच विचार करत ऑटोत बसले होते. म्हटलं, आत्ता कुठे माणूस निवृत्त झालाय, दुपारी झोपतो, संध्याकाळी फिरायला जातो, रागावेल. गल्लीत शिरले तर ‘मैं बैठूँगा’ असा तुमचा आवाज ऐकू आला. तिकडे तुमचं नाव लिहिलं तेव्हाच नत्थूने सगळ्यांकडून टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या.”

सगळे हसले. कलावतीने श्रीपादरावांच्या हातावर लाडू ठेवला आणि त्यांनी तो मुकाट्याने तोंडात टाकला. मनात कुठेतरी त्यांना बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांनी बायकोने एक काम सांगितलं होतं, आणि तेही तिला सगळ्यांत प्रिय असलेलं. पण रोजची संध्याकाळ! तीही कायमची!

लोक पांगल्यावर त्यांनी दबकत विचारलं, “अन् समज, मले नाहीच जमलं, तर राजीनामा देता येईल ना?”

“येईल की,” निवेदिता हिंगाची डबी अचूक काढत म्हणाली. “हिंदीतला.”