सहाव्या पेटीतला माणूस

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या मार्लिसने सहावा बनियन पिशवीतून बाहेर काढला, एकदा हुंगला आणि लगेच परत कोंबून पिशवीला गाठ मारली.

"कांदा," ती म्हणाली. "कांदा, लसूण आणि वर गरम वाइन. आपला सहावा, बेआट, काल बाजारात जाऊन आला."

"कुठल्या बाजारात?" प्राध्यापक ब्रेमरनी विचारलं.

मार्लिस त्यांच्याकडे बघतच राहिली. ब्रेमर मूळचे हॅनोव्हरचे. बर्नच्या विद्यापीठात येऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं, आणि प्रयोगाचं वेळापत्रक त्यांनी स्वतः बसून आखलं होतं. सहा तरुणांनी रविवार-सोमवारच्या रात्री एकच सुती बनियन घालून झोपायचं. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, सिगारेट नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. मंगळवारी ते बनियन सहा पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवायचे आणि बायकांनी झाकणाच्या भोकाला नाक लावून प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. निम्म्या बायका गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या, निम्म्या न घेणाऱ्या. गोळीमुळे बाईला आवडणारा पुरुष बदलतो का, एवढाच प्रश्न. ब्रेमरनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त नोव्हेंबरच्या चौथ्या सोमवारी बर्नमध्ये काय असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? ज्या दिवशी अख्खं शहर पहाटेच्या अंधारात उठून कांद्याच्या वेण्या विकत घेतं आणि कांद्याचा खारा केक खात हिंडतं, तो दिवस एखाद्या शहाण्या माणसाला ठाऊक नसेल, हे बर्नवाल्याच्या डोक्यातच येत नाही.

"मला आधी सांगायचं नाही का?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय. पोरांचा निग्रह बघायला."

"मग बाकीचे पाच कसे नाही गेले?"

"ते झुरिकचे आहेत. त्यांना आमच्या कशाचंच कौतुक नसतं."

वर व्हरांड्यात बायका येऊन बसल्या होत्या. ब्रेमरनी घड्याळाकडे बघितलं. "सप्टेंबरच्या चाचणीतले काही बनियन फ्रीजरमध्ये ठेवलेत ना? त्यातला एक काढा."

मार्लिसने फ्रीजर उघडला. सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे, जाड पिशवीत नीट घडी घातलेला एक पांढरा बनियन होता. पिशवीवर क्रमांक नव्हता, नुसतंच ‘टाकू नये’ असं लिहिलं होतं. टाकायचा नाही म्हणजे वापरायचा, असं मार्लिसने ठरवलं आणि तो पेटीत घातला.

तो बनियन आर्नोल्ड लूथी यांचा होता. आयुष्यभर पोस्टमन, मग निवृत्त, आणि गेल्या जूनमध्ये वारले. सगळे त्यांना नोल्डी म्हणत. त्यांची मुलगी रेगुला याच प्रयोगशाळेत नोकरीला होती. माणसाचा वास कुठे टिकतो हे तिच्याइतकं बर्नमध्ये कोणाला माहीत नसावं. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी आई एल्सबेथने जेवणाच्या आत नवऱ्याचे सगळे कपडे पिशव्यांत भरले आणि जुने कपडे नेणाऱ्यांसाठी दारात ठेवून दिले. डोळ्याला पाणी नाही, काही नाही. वरच्या पिशवीतला एक न धुतलेला बनियन रेगुलाने आईच्या नकळत काढून घेतला होता. तेव्हापासून फ्रीजरचा तो कप्पा तिने पुष्कळदा उघडला होता. पिशवी मात्र एकदाही नाही. उघडली की थोडा वास जाणार, आणि गेलेला परत येत नाही, हे ती रोज लोकांना शिकवत होती.

त्या सकाळी ती वर खुर्च्या मांडत होती. खाली आली तेव्हा सहाही पेट्या बंद होत्या. वही घेऊन ती टेबलाशी बसली.

पहिल्या पाच पेट्यांचं नेहमीसारखंच झालं. गोळी घेणाऱ्या एकाला वर चढवत होत्या, न घेणाऱ्या त्यालाच खाली ओढत होत्या. एकीने दुसऱ्या पेटीला नऊ दिले, तर तिच्या मागचीने त्याच पेटीतून तोंड काढून पाणी मागितलं. मग पहिली बाई सहाव्या पेटीशी आली, वाकली, आणि वर येईना.

"हा उंच आहे," शेवटी ती म्हणाली.

"फक्त वासाबद्दल सांगा," रेगुला म्हणाली.

"वासालाच उंच आहे हो."

दुसरी म्हणाली, याची स्वतःची होडी असणार. तिसरीच्या मते तो डोंगर चढणारा होता, तोही दोरीशिवाय. बालवाडीतल्या एका शिक्षिकेने दहापैकी अकरा देता येतील का, असं विचारलं. गोळी घेणारी असो नाहीतर न घेणारी, सहाव्या पेटीशी येऊन सगळ्याजणी जरा हळू बोलायला लागत, देवळात आल्यासारख्या. बँकेतल्या एका पोक्त बाईने पेटीतून नाक काढलं आणि म्हणाली, "याचं लग्न झालंय का?"

"ते आम्हाला सांगता येत नाही."

"म्हणजे झालंय. असले उरत नाहीत."

रेगुला हे सगळं मुकाट्याने टिपून घेत होती. असा कोण मुलगा असेल, याचं तिलाही नवल वाटलं. पण काम करणाऱ्यांनी पेटीला नाक लावायचं नाही असा नियम होता आणि तो तिनेच केला होता.

दुपारी ब्रेमर आकड्यांपुढे बसले होते. बेरीज त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिली होती. "दोन्ही गटांचं एकमत," ते हळूच म्हणाले. "असं होतच नाही. रेगुला, असं होत नाही. आपण एवढी वर्षं विचारतोय की गोळीने आवड बदलते का, आणि इथे एक माणूस असा निघालाय की त्याच्यापुढे गोळीच काही करू शकत नाही."

रेगुला उरलेले बनियन ठेवायला फ्रीजरशी गेली आणि खालचा कप्पा उघडून तशीच उभी राहिली.

"मार्लिस, इथली पिशवी?"

"तीच तर घातली ना सहावीत. का गं?"

रेगुला रिकाम्या खोक्यावर बसली. काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मार्लिसने आधी तोंडावर हात ठेवला, मग हात काढला.

"अगं रेगुला, तुझ्या बाबांना सगळ्यात जास्त गुण पडलेत गं!"

नोल्डी लूथी बुटके होते, टकले होते, आणि दिवा बदलायला स्टुलावर चढले तरी त्यांना गरगरायचं. थूनच्या तळ्यावरच्या बोटीत बसले की किनारा सुटायच्या आधीच ते पिवळे पडत.

"साहेबांना सांगून टाक," मार्लिस म्हणाली.

"काय सांगू? विद्यापीठाच्या फ्रीजरमध्ये वडिलांचा बनियन ठेवला होता म्हणून?"

"नोकरी जाईल का गं?"

"नोकरीचं राहू दे. तो वास जाईल. इतक्या जणींनी हुंगलाय. मला बनियन परत हवाय, बास."

तेवढ्यात ब्रेमरच दारात आले. "मला सहाव्याचं रक्त तपासायचंय," ते म्हणाले. "उद्याच."

"तो बाहेरगावी गेलाय," रेगुला म्हणाली.

"येण्याजाण्याचा खर्च देऊ."

"येणार नाही तो."

"विचारल्याशिवाय कसं कळणार?"

"ओळखते मी त्याला. खूप हट्टी आहे."

"बरं, मग निदान बनियन तरी पुन्हा हुंगवू. उद्या सकाळी. आणि मला तिसरा गट हवाय: पाळी थांबलेल्या बायका. गोळी नाही, पाळी नाही, शुद्ध नाक! पेटी मी माझ्या कपाटात बंद केलीय, किल्ली माझ्याकडे आहे. मार्लिस, बायका मिळाल्या का?"

मार्लिसचा चेहरा उतरला. "मिळाल्या," ती म्हणाली. ब्रेमर गेल्यावर ती रेगुलाला म्हणाली, "मला काय माहीत गं! साहेबांनी मघाशीच फोन करायला सांगितले. त्या वयाच्या ओळखीच्या बायका आठवल्या तशा बोलावल्या. तुझ्या आईने तर लगेच होकार दिला. म्हणाली, तरुण पोरं फुकटात हुंगायला मिळतायत, नाही कोण म्हणेल?"

बुधवारी एल्सबेथ लूथी केस सेट करून आली. हिरवा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून ती पहिल्या पेटीपुढे बसली. समोर ब्रेमर, बाजूला वही घेऊन रेगुला.

"आई, तुला बरं नसेल तर राहू दे."

"मला काय झालंय? तुझाच चेहरा पांढराफटक पडलाय."

पहिल्याला तिने चार दिले. "हा आळशी आहे." दुसऱ्याला पाच. तिसऱ्याला, त्याच्या आईची कीव येऊन, सहा. चौथ्यावर मात्र ती खूश झाली. "नऊ! हा चांगला मुलगा आहे. कोणाचा आहे हो? आमच्या रेगुलाला दाखवा." पाचव्याला काहीच वास नव्हता म्हणाली, आणि झुरिकचा आहे का असं विचारलं.

मग तिने सहावी पेटी ओढली, वाकली आणि लगेच मान वर केली.

"हा नोल्डी," ती म्हणाली.

ब्रेमरनी रेगुलाकडे पाहिलं. "नोल्डी कोण?"

"माझा नवरा. जूनमध्ये गेला." ती मुलीकडे वळली. "तू घेतला होतास होय? एक कमी होता, ते मला तेव्हाच कळलं होतं."

मग रेगुलाला सगळं सांगावंच लागलं: फ्रीजर, पिशवी, कांद्याचा बाजार. ब्रेमर मधूनमधून "हं" म्हणत होते, अगदी बर्नच्या माणसासारखे. "वयाची मर्यादा तीस आहे," एवढंच ते शेवटी म्हणाले.

"मग गुण कमी करा. तसेही मी दोनच देणार आहे," एल्सबेथ म्हणाली.

"दोन?" ब्रेमर आणि रेगुला एकदमच म्हणाले.

"तुम्ही वासाला गुण मागितलेत ना? मग दोन. मला हा वास कधीच आवडला नाही."

"आई!"

"काय आई! खरं सांगायचं असतं ना इथे?" तिने पेटी मांडीवर घेतली. "सुरुवातीला आवडायचा. सुरुवातीला काय सांगू, डोकं फिरायचं माझं. नाचाच्या वेळी त्याच्या खांद्याशी नाक गेलं की वाटायचं, गवत कापलंय कुठेतरी. तेव्हा मी गोळी घेत होते. लग्न न झालेल्या मुलीला बर्नमध्ये कोणी देईना. थूनला जाऊन, पाळीला दुखतं म्हणून सांगून आणायची. मग लग्न झालं, तू हवी होतीस, गोळी बंद केली. आणि एक दिवस सकाळी जाग आली तर मला वाटलं, माझ्या पलंगावर ही बकरी कोणी आणून बांधली?"

ब्रेमरचं पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही. "मग?" ते म्हणाले. "मग काय केलंत?"

"खिडकी उघडली."

"आणि?"

"आणि काय? उघडीच ठेवली. जानेवारीतसुद्धा. माणूस घरात आला होता, चांगला होता, त्याला काय परत पाठवायचा? त्याला वाटायचं, मला थंड हवा आवडते. दर वाढदिवसाला पांघरूण आणायचा. आधीच्यापेक्षा जाड. शेवटी शेवटी मला त्याखाली कूस वळवता येत नसे."

गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, अशा दोन गटांत ब्रेमर आयुष्यभर बायका वाटत आले होते. एकच बाई दोन्ही गटांत राहून, एकाच पुरुषाशेजारी, चाळीस हिवाळे उघड्या खिडकीखाली काढते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना कळेना. शाळेतला मुलगा पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र बघतो तसे ते तिच्याकडे बघत होते.

"लूथीबाई," ते चाचरत म्हणाले, "कधी पश्चात्ताप..."

पण एल्सबेथचं लक्ष नव्हतं. तिने पेटीचं झाकणच काढून बाजूला ठेवलं होतं आणि तोंड आत घातलं होतं. बाहेर नुसते सेट केलेले केस दिसत होते आणि खांदे सावकाश वरखाली होत होते. एवढं हुंगल्यावर त्या बनियनमध्ये संध्याकाळपर्यंत काही उरणार नव्हतं. रेगुलाचा हात झाकणाकडे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि खुर्ची आईच्या जवळ ओढली.

बाहेर पुढची बाई दारावर टकटक करत होती. ब्रेमर खाकरले. "लूथीबाई, मग दोनच लिहायचे ना?"

"थांबा हो जरा," पेटीतून आवाज आला. "दोन की दीड, ते नीट बघू द्या."