लाल नळ्या आणि सोराइदाचे चिमटे

या नाताळात डुक्कर एफ्राईन फिरवणार, हे मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं!

एफ्राईन माझा मेहुणा. नाताळाआधीच्या रविवारी सालिनासच्या शर्यतीच्या पट्टीवर आमच्या गाड्यांची शर्यत लागते. हरेल त्याने सणाच्या दिवशी निखाऱ्यांवरचं डुक्कर दांड्याला धरून फिरवत बसायचं आणि जिंकेल त्याने आंब्याखाली खुर्ची टाकून हुकूम सोडायचे. दरवर्षी धुरात मीच! वर हा तिकडून ओरडतो, "दाजी, जरा हळू फिरवा!"

म्हणून या वेळी इंजिनात जोराने हवा भरणाऱ्या टर्बोच्या सगळ्या बारीक नळ्या बदलायला काढल्या. शर्यतीआधी बॉनेट उघडून मिरवायचं असतं, तेव्हा नव्या नळ्या सगळ्या लालभडक! काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीवर हवेची एक नळी असते, तीसुद्धा लाल! जुन्या एकदम उपटल्या आणि ज्या दोन तोट्या जोडायच्या, त्यांना एकाच रंगाचे कपड्यांचे चिमटे लावून ठेवले. अशी अक्कल अख्ख्या बेटावर कुणाला सुचली नसेल!

कॉफी पिऊन येतो तर एकही चिमटा जागेवर नाही!

"सोराइदा! चिमटे कुठे गेले?"

"दोरीवर," बायको म्हणाली. "पाहुण्यांच्या चादरी उडत होत्या."

"अगं, ते इंजिनाला लावले होते!"

"तेच म्हणते मी! चिमटे काय इंजिनाला लावायची वस्तू आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात शेजारचे डॉन कासिमिरो आत डोकावले. "ही नळी तिकडे जाते," म्हणाले. जन्मभर टपाल वाटलेला माणूस! त्यांना हाकललं आणि दात-ओठ खात सगळ्या नळ्या आठवणीने जोडल्या. इंजिन झकास सुरू झालं. बघा म्हणावं!

रविवारी पट्टीवर बॉनेट उघडलं. गर्दीत वाहवा झाली. एफ्राईन मात्र वाकून बघत राहिला.

"दाजी, टर्बोची नळी पाण्याच्या बाटलीला का लावलीत?"

"तुझी अक्कल तुझ्याकडे ठेव!"

"अहो, खरंच सांगतोय. ती टर्बोच्या झडपेला जायला हवी."

"घाबरलास ना? डुक्कर दिसायला लागलं ना?" मी धाडकन बॉनेट आपटलं. शर्यतीच्या तोंडावर मन खच्ची करायला बघतो काय!

हिरवा दिवा लागला आणि गाडी अशी सुटली की एफ्राईन मागे पडला! टर्बोने जोर धरला. आणि नळीतून आलेल्या त्याच हवेच्या जोराने बाटलीतलं सगळं साबणाचं पाणी समोरच्या काचेवर उसळलं! वायपर लावला, तर फेसच फेस! पट्टी दिसेना, भिंत दिसेना! शिव्या घालत मी पाय उचलला. शेजारून काहीतरी सुसाट गेलं. तो एफ्राईन होता.

सणाला मी धुरात. सोराइदा येऊन माझ्या शर्टाच्या बाह्या चिमट्यांनी वर बांधून गेली, निखाऱ्याला लागू नयेत म्हणून. इंजिनावरून काढलेले तेच पिवळे चिमटे!

आंब्याखालून हाक आली, "दाजी, माझ्या गाडीची काच फार मळलीये हो! तुमच्या टर्बोला पाठवता का जरा?"

सगळं अंगण खिदळलं. दांडा टाकून त्याची गचांडीच धरणार होतो! पण तेवढ्यात डुक्कर करपलं असतं, आणि त्याचाही दोष माझ्यावरच आला असता. म्हणून फिरवत बसलो. हळूच.