लहानू कापगते यांचा श्वास आणि मानवजात

माझी नात गुंजन हिचं बारसं झालं त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, भिलाईत एक गोष्ट कायमची सिद्ध झाली: मानवाचं कल्याण करायचं असेल, तर माणसापासून थोडं अंतर ठेवावं लागतं. हे अंतर ॲडव्होकेट प्रफुल्ल हटवार यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कोणालाच साधलं नाही.

हटवार साहेब आमच्याच कॅम्प-१ या कामगार वस्तीतले. त्यांच्या कारकिर्दीचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात ते माणसांचे खटले लढत. कोणाची झोपडी पाडली, कोणाला कामावरून काढलं, की साहेब सायकलवर हजर. (त्या काळात ते बरेच खटले जिंकले. पण त्याची दखल कोण घेणार? जिंकलेला माणूस गपचूप घरी जातो.) दुसऱ्या टप्प्यात ते अख्ख्या वस्त्यांचे खटले लढू लागले आणि स्वतः स्मृति नगरातल्या बंगल्यात राहायला गेले. तिसऱ्या टप्प्यात कोर्टाने त्यांना 'सीनियर' वकिलाचा मान दिला, आणि तेव्हापासून मानवजातीपेक्षा लहान अशील घेत नाहीत.

आमचे शेजारी लहानू कापगते त्याच २०१६ साली, दुसरा टप्पा संपता संपता सापडले. लहानू शहराबाहेरच्या एका खाजगी कारखान्यात गारगोटी दळत. दळता दळता ती पूड छातीत बसली, आणि उंबरा ओलांडतानाही त्यांना थांबून दम घ्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनची मशीन ठेवा. कारखाना म्हणाला, हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, कोण लहानू? तेव्हा ती मशीन कारखान्याने द्यावी, एवढ्या मागणीसाठी लहानू साहेबांकडे गेले.

कागद वाचून साहेबांचे डोळे भरून आले. "काका, हा तुमच्या एकट्याचा श्वास नाही," ते म्हणाले.

"माह्याच हाय जी," लहानू म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा राहीन?"

यावरून अशिलाला स्वतःचा खटला किती कमी कळतो हे दिसून येतं. याचिका दाखल झाली ती सर्व नागरिकांच्या श्वासाच्या हक्काबद्दल. तिच्यात पुराणं होती, परदेशांतले निकाल होते, समुद्रातले मासेसुद्धा होते. मशीन शेवटून दुसऱ्या पानावर होती.

पुढे साहेब सीनियर झाले. सीनियरने अशिलाशी थेट व्यवहार करायचा नाही, मध्ये दुसरा वकील लागतो, असा नियम आहे. साहेब नियमाचे इतके पक्के, की लहानूंनी फाटकाबाहेरून रामराम केला तरी ते आपल्या ज्युनियरला, कमलेशला, सांगत, "यांना कळवा, मी बरा आहे."

बिलासपूरला हायकोर्टात सुनावणी झाली. न्यायाधीशांनी विचारलं, "या माणसाला आज काय हवं आहे? मशीन? तसा आदेश आजच देतो." साहेबांनी बाणेदारपणे नकार दिला. आम्ही इथे मशीन मागायला आलेलो नाही, असं म्हणाले. बाहेर येऊन कमलेशने लहानूंच्या बायकोला, सुनिताबाईंना, कायदा समजावला.

"काकी, मशीन भेटली तर केसच खतम! समोरचा वकील म्हणन, याला श्वास भेटून राहिला, आता प्रश्न कायचा?"

"मंग?"

"मंग प्रश्न जिवंत ठेवा लागते."

"अन् माणूस?"

हा मुद्दा याचिकेत नव्हता, म्हणून कमलेशने फाईल बंद केली.

पुढची तारीख लागली १० डिसेंबर २०१८. त्या दिवशी मशीनचा अर्ज वेगळा द्यायचा, असं सुनिताबाईंनी कमलेशच्या मागे लागून कबूल करून घेतलं होतं. पण १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. आमच्या समाज मंडळाने त्याच दिवशी साहेबांचा सत्कार ठेवला होता, श्वासाच्या लढ्याबद्दलच. कमलेशने फोन करून अडचण सांगितली. मंडळाच्या महिला अध्यक्ष बेबीताई म्हणाल्या, "मानवी हक्काचा सत्कार का आमी संक्रांतीले करावं? तारीख पुढं ढकला ना!" सर्वांना पटलं. कोर्टाची तारीख पुढे जाऊ शकते. जगाने ठरवलेला दिवस जाऊ शकत नाही. साहेबांनी सुनावणी पुढे ढकलण्याचा अर्ज दिला, कारण 'अपरिहार्य'.

सत्कार देखणा झाला. अकरा शाली, त्यांतल्या सात एकाच रंगाच्या. साहेब कोणासाठी झिजतात हे लोकांना दिसावं म्हणून लहानूंना मंचावर बसवलं होतं. साहेबांच्या भाषणात त्यांचा खोकला इतक्या योग्य जागी येत होता, की लोकांना ते ठरवलेलं वाटलं. भाषण संपल्यावर सुनिताबाई सरळ साहेबांसमोर गेल्या.

"प्रफुल्ल, मशीन कधी भेटन बाबू?"

साहेबांनी कमलेशकडे पाहिलं. कमलेश म्हणाला, "काकी, सीनियर साहेबांशी डायरेक्ट बोलता येत नाही."

"असं? लहानपणी हा रोज माह्या चुलीपाशी बसून भात खाये. तवा कोणाच्या थ्रू खाये?"

लोक हसले. साहेबही मोकळेपणाने हसले, आणि आम्ही मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मोठा माणूस किती साधा असतो, असं परतताना सगळे म्हणत होते.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात निकाल लागला. साहेब जिंकले. अर्जदार हयात नसल्याने काही बाधा येत नाही, मुद्दा सार्वजनिक आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी वाचायला उतारवयात शिकलो, म्हणून हाती आलेला कागद अजून शेवटपर्यंत वाचतो. श्वास घेणं हा जगण्याचा भाग आहे, ही गोष्ट त्यात पहिल्यांदाच इतक्या ठामपणे मांडली आहे.

तुमच्याही मोबाईलवर तो निकाल आला असेल. तुम्ही खाली हात जोडले असतील, फूल लावून चार जणांना पुढे पाठवला असेल. आणि आत्ता हे वाचताना साहेब पुढे कुठे पोचले, याची तुम्हाला उत्सुकता असेल. ते दिल्लीत असतात, प्रकृती उत्तम आहे.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. लहानू चिंधू कापगते हे ११ जानेवारी २०१९ रोजी सकाळी कॅम्प-१ मधल्या आपल्या घरी, श्वास न मिळाल्याने वारले.