दाजींचा कोरडा रुमाल

ज्या सिनेमानं रडवलं, त्याला दाजी मोहिते मत देत नाहीत. आमचं देवासचं समीक्षक मंडळ दरसाल एका सिनेमाला पुरस्कार देतं. मंडळ म्हणजे आम्ही पाच म्हातारे, इथल्या हिंदी पेपरांत परीक्षणं लिहिणारे. भांडतो मात्र मराठीत. दिग्दर्शकाला शाल आणि मानपत्र पोस्टानं पाठवतो. पोच आजवर आली नाही, पण दाजींना विचाराल तर अख्खी फिल्म इंडस्ट्री आमच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली असते.

"डोळ्यांतून पाणी काढणं म्हणजे लाच झाली, भिया. लाच खाऊन न्याय करायचा का?" हे त्यांचं नेहमीचं. सिनेमा सुटला की दारातच खिशातून रुमाल काढून दाखवायचे. कोरडा असला तर सिनेमा यादीत, ओला असला तर बाद. एकदा मंडळातले बागलीचे जोशी म्हणाले, "दाजी, तुम्ही बाहीला डोळे पुसलेत, मी पाहिलं." दाजींनी तिथल्या तिथे आपल्या लाडक्या सिनेमाचं नाव खोडलं आणि महिनाभर जोशींशी अबोला धरला. असा सरासर हट्टी माणूस. मला तर कधीकधी रागच यायचा.

दिवाळीआधी त्यांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. तेराव्यापर्यंत दाजींच्या डोळ्यांतून टिपूस नाही. लोक कुजबुजले. पुढच्याच शुक्रवारी दाजी टॉकीजमध्ये हजर, दारात रुमाल दाखवणं मात्र बंद. त्यानंतर एकही सिनेमा चुकवला नाही, तेव्हा तर लोक उघड बोलायला लागले.

पुरस्काराच्या बैठकीत मी त्यांची यादी मागितली. त्यांनी कोरा कागद पुढे केला.

"सगळे बाद? त्यात दोन तर विनोदी होते, दाजी."

"ते पण." मग खाली बघत म्हणाले, "माझं नाव काढा मंडळातून. मी आता न्याय करायच्या लायक नाही राहिलो."

जोशी वैतागले. "मग दर शुक्रवारी जाता कशाला?"

"घरी कुठे रडू? सून घाबरते. मुलगा लगेच डॉक्टरकडे न्यायला निघतो. तिथे अंधार असतो, बाजा वाजत असतो. कुणाला कळत नाही."

जोशींनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. इतकी वर्षं ह्या माणसाला हसलो, त्याची लाज वाटली.

यंदाचा पुरस्कार चार मतांवर दिला. दाजींचं नाव मी काढलं नाही. शुक्रवारी त्यांच्यासोबत गेलो. ते कोपऱ्यात बसले. मी मधली एक खुर्ची सोडून बसलो, आणि सिनेमा सुटेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.