लाल रेघेचा उमेदवार

गुलाबकाका मत मागायला दारात आले की राम राम नाही, कसं काय नाही, पहिला प्रश्न एकच: "घरातलं कोनी गेलं का?"

हातात मतदार यादी, कानावर लाल पेन्सिल. घरातली बाई दचकून नाही म्हणाली, तरी काकांचं समाधान होत नसे. यादीवर बोट ठेवून ते विचारत, "गणपत सखाराम हाय ना? मांगच्या बाजारात लय खोकून राह्यला होता." गणपत समोर ओसरीवर बसलेला असला, तरी त्याला बोलायला लावल्याशिवाय काका हलत नसत. कोणी खरंच गेलेलं असलं, तर त्या नावावर पट्टी धरून लाल रेघ मारत, दोन मिनिटं हात जोडून उभे राहत आणि पुढच्या घराला लागत. मत मागायचं राहूनच जाई.

विधानसभेला इतक्या वेळा पडलेला माणूस आमच्या मंगरूळपीर तालुक्यात दुसरा नसेल. गाव त्यांना 'उमेदवार' म्हणूनच ओळखी. एसटीचा कंडक्टरसुद्धा "या उमेदवार, सरका आत" म्हणे.

हे सगळं सुरू झालं त्यांच्या वडिलांपासून. वडील वारल्यावर तीन-चार वर्षांनी निवडणूक आली. काका मत द्यायला गेले, तर आतला साहेब म्हणाला, तुमचे वडील सकाळीच मत देऊन गेले. ही हकिगत काका भेटेल त्याला सांगत आणि शेवटी विचारत, "मेलेला बाप मत द्याले आला, आन् मले भेटल्याबिगर गेला. हे बरं केलं का त्यानं?" ऐकणारे हसत. काका हसत नसत. त्या दिवशी त्यांना एवढंच कळलं, की खोट्या मतदाराला हरकत घ्यायची तर बूथच्या आत बसावं लागतं, आणि आत बसायचा हक्क उमेदवाराला किंवा त्याच्या माणसाला असतो. काकांना आपला माणूस कोण करणार? मग ते स्वतःच उमेदवार झाले. निवडून यायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांना फक्त त्या बाकावर बसायचं होतं.

निशाणी मिळाली शिडी. आमच्या गावच्या पेंटरचा हात असा, की भिंतीवर काढलेली शिडी हुबेहूब तिरडी दिसे. खाली घोषणा: 'जित्याचं मत जित्यानं द्यावं.' परगावचा माणूस त्या भिंतीसमोरून भराभरा पुढं जाई.

एकदा तर कहर झाला. पट्टी घसरली आणि रेघ खालच्या ओळीतल्या किसनच्या नावावर गेली. किसन धट्टाकट्टा गडी. सकाळीच येऊन भांडला. काकांनी रबरानं घासघास घासलं, पण रेघ पुसट झाली, गेली नाही. पंधरा दिवसांनी किसन बैलांना पाणी दाखवून विहिरीच्या कठड्याशी बसला, तो उठलाच नाही. योगायोग, दुसरं काय. पण त्यानंतर काका गल्लीत शिरले की बाया लेकरांना आत ओढत, आणि तापानं फणफणलेला माणूसही उठून दारात येऊन ताठ उभा राही. काका मात्र खुश. म्हणत, "या खेपेले लोकायचा उत्साह वाढून राह्यला."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, काका चावडीच्या ओट्यावर चढत आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून मेलेल्यांची नावं वाचत. भाषण नाही, आश्वासन नाही. नुसता क्रमांक आणि नाव. मतदानाला यांच्या नावानं कोणी येऊ नये, सगळ्यांनी ध्यानात ठेवावं, एवढाच हेतू. पण ऐकताना अंगावर काटा येई. एकेक नाव अंधारत्या गल्ल्यांतून फिरून येई आणि कुठल्याशा घरात कोणी हुंदका दाबी. आमची आई किसनचं नाव आलं की कानात बोटं घाली. एकदा तर एका आजीनं नवऱ्याचं नाव ऐकून आतून "ओ" दिली.

अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत मी पंचविशीत होतो आणि एका मोठ्या पार्टीचं काम करत होतो. पार्टीचं नाव सांगत नाही. जे केलं ते मी केलं. गावातली मेलेली मतं आपल्याकडं वळवा, असा वरून निरोप आला. पण काका बाकावर बसणार म्हटल्यावर लाल रेघेतलं एकही नाव चालणार नव्हतं. मी शेजारी म्हणून त्यांच्याकडं गेलो आणि सहज चाळतो म्हणून यादी चाळली. साऱ्या मेलेल्यांत एकच नाव बिनरेघेचं होतं. दोनशे चौदा, अनुसयाबाई गुलाबराव.

ही काकू. काका पोस्टरं लावत पुढं जात आणि ही खळीचा डबा घेऊन मागनं चाले. बहात्तरच्या दुष्काळात ती गेली. मला वाटलं, काकांच्या नजरेतून चुकून सुटलं असेल. तसं ओट्यावरही त्यांनी ते नाव वाचलं नव्हतं. मी ते नाव पार्टीला दिलं. मला तेव्हा आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत काका आणि पार्टीचा माणूस म्हणून मी एकाच बाकावर बसलो होतो. सकाळपासून काकांनी दोन खोटे मतदार परत पाठवले होते. दुपारी खोली रिकामी झाली, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. हरभऱ्याच्या सोंगणी-कापणीला आलेली परगावची मजूर होती, मला माहीत होतं. पण डोक्यावरून नाकापर्यंत पदर, काकूसारखंच हिरवं लुगडं, तशीच किंचित वाकलेली मान. मीच शिकवून आणलेली बाई, आणि क्षणभर मीच फसलो.

साहेब परगावचे. त्यांनी चिठ्ठी पाहून मोठ्यानं पुकारलं, "दोनशे चौदा. अनुसयाबाई गुलाबराव."

काका उभे राहिले. पेन्सिल त्यांच्या हातातून खाली पडली. मी मनात म्हटलं, आता हरकत घेतात आणि आपली अब्रू जाते.

"नवऱ्याचं नाव सांगा बाई," साहेब म्हणाले.

आम्ही तिला ते दहा वेळा पढवलं होतं. पण नवऱ्याचं नाव जिभेवर आणायचं नाही ही तिची जन्माची सवय. खोटा नवरा असला म्हणून काय झालं? ती मान खाली घालून गप्प उभी राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा गप्प.

"गुलाबराव," काका म्हणाले. "मीच तो."

साहेबांनी वर पाहिलं. "तुम्ही ओळखता यांना?"

"माह्या घरचं मानूस हाय," काका म्हणाले. "लावा शाई."

शाई लागली. बाईनं मत दिलं, आमच्याच पार्टीला दिलं असणार, आणि ती निघाली. काका दारापर्यंत गेले. म्हणाले, "ऊन लय हाय. सावलीसावलीनं जाजो." मग परत येऊन बाकावर बसले. संध्याकाळपर्यंत आलेल्या कोणालाही त्यांनी हरकत घेतली नाही. इतक्या वर्षांचा त्यांचा पहारा त्या दुपारी संपला, आणि तो मी संपवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. ते अंगणात दाढी करत होते. मी म्हटलं, "काका, ते नाव म्या देल्लं होतं. माफी मांगाले आलो."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तूच यादी चाळली होती." वस्तरा पुसून त्यांनी बाजूला ठेवला. "साऱ्या गावाची नावं म्या भोंग्यातून घेतली. तिचं कसं घेऊ? जितेपनी कदी घेतलं नाई. तुमी सारे काकू म्हनत, म्हातारी माय सूनबाई म्हने. ती गेली तवापासून ते नाव कोनाच्या तोंडून आयकलंच नवतं. काल त्या सायबानं घेतलं."

लाजेनं मान वर होत नव्हती. काकांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुले त काही अडचन नाई," ते म्हणाले. "एकडाव म्हन बरं."

मी म्हटलं, "अनुसयाबाई."

"बाई नोको," काका म्हणाले. "तिच्या माहेरात नुसतं अनुसया म्हनत."

मी पुन्हा म्हटलं.